शेळ्या न मिळालेली बाई

शेळ्या दिल्याने गरिबी हटते का, हे सरकारला पुराव्यानिशी हवं होतं. म्हणून मासवणजवळच्या एका पाड्यावर निम्म्या घरांना शेळ्या दिल्या आणि उरलेल्यांना मुद्दाम दिल्या नाहीत. मी दरवर्षी दोन्ही प्रकारच्या घरांची पाहणी करायचो. ती बाई उरलेल्यांतली.

मी दिसलो की ती माझा टॅब उचलून सावलीत ठेवायची. "तापला का बंद पडतो तुमचा," म्हणायची. मग वाल सोलता सोलता, मी प्रश्न वाचायच्या आतच क्रमाने उत्तरं द्यायची.

तिसऱ्या वर्षी तिनं विचारलं, "आमाला शेळ्या नाय दिल्या, मग येता कशाला?"

"शेळ्या नसल्या तर काय होतं, ते बघायला."

ती मनापासून हसली. "गेल्या साली होतं तेच होतं. लिवा."

शेळ्यांनी फरक पडतो, हे सिद्ध झालं. योजना सगळ्यांसाठी मंजूर झाली. यादी करणारे पाड्यावर गेले तेव्हा ती वीटभट्टीवर कामाला गेली होती, म्हणून तिचं घर वगळलं गेलं.

मी तालुक्याच्या साहेबांना फोन केला. साहेब भले होते. "आत्ता घालतो यादीत," म्हणाले, "नाव सांगा."

माझ्याकडे फक्त आमच्या पाहणीतला तिचा घर क्रमांक होता. नाव मी तीन वर्षांत विचारलंच नव्हतं.