पुंजारामचा परस

कांता खरातला राग आला की ती बोलत नसे, चालायला लागायची. सगळ्या वडीगोद्रीला ते ठाऊक होतं. पोरगी फाट्याकडं तरातरा निघाली की चहावाला म्हणायचा, "आज कुणाचं तरी खरं न्हाई." ऑनर्सचा फॉर्म तिनं भरला तोही रागातच, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

साल १९८६. तालुक्याच्या कॉलेजात ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, विषय भूगोल. त्या साली कॉलेजनं ऑनर्सचा वर्ग काढला. चार पेपर जास्तीचे, एक प्रबंध, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर तोंडी. पार पडलं तर पदवीच्या कागदावर 'ऑनर्स' हा शब्द. ती फॉर्म मागायला गेली तर कारकून वर न बघताच म्हणाला, "तुला कशाला ते ऑनर्स-बिनर्स? साधी बी.ए. झालीस तरी तुमच्यात पुष्कळ झालं." तुमच्यात! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फॉर्म ओढून घेतला, खिडकीच्या फळीवर ठेवून भरला, आणि भरला तोही त्याच्याच पेनानं. नावं अकरा जणांनी दिली होती. तिसऱ्या वर्षाला दोघं उरले, त्यातली एक कांता.

प्रबंधाचे मार्गदर्शक बद्रीनाथ सर. सफारीची इस्त्री मोडायची नाही आणि बोलणं कसं, गुळासारखं. विषय त्यांनीच दिला : परिसरातल्या विहिरी. पाऊस दगा देऊन गेला होता, विहिरींचे तळ उघडे पडले होते, म्हणजे खोली मोजायला सोपं. "जा, मोजून आण," म्हणाले आणि स्वतः पंख्याखाली बसले.

मोजायला तिच्यापाशी तिचा बाप होता. पुंजाराम जन्मभर विहिरी खोदत आलेला माणूस. उजवा हात कोपराखाली चार बोटं सोडून नव्हता. सुरुंगात गेलेला. ती गोष्ट घरात कुणी काढत नसे. विहीर मोजतात परसात : उभं राहून उजवा हात सरळ वर करायचा, टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंत झाला एक परस. हात गेल्यावर पुंजारामनं मोजायची नवी दोरी केली, तेव्हा गाठी मारल्या त्या थोट्या हाताच्या मापानं. लोक म्हणाले, "अरे, डावा वर कर की." "माप उजव्याचंच असतंय," तो म्हणाला. त्यापुढं कुणाचं काही चाललं नाही.

तीच दोरी घेऊन बाप-लेक एकेचाळीस विहिरी फिरले. दगड बांधून सोडायची, तळाला टेकली की गाठी मोजायच्या. दोन मळ्यांवर तर विहीर त्यानंच खोदलेली, आणि मालक म्हणे काठाला येऊ नका, दोरी आमचा गडी सोडील, लांबून बघा. कांता चालायला लागली की पुंजाराम मागून सांगायचा, "राग मागून कर. आधी गाठी मोज." मग ती माघारी फिरायची, मोजायची आणि वहीत लिहायची. रकान्यात परस, आणि शेवटच्या पानावर टीप : या दोरीचा एक परस म्हणजे पाच फूट चार इंच.

नोव्हेंबरात वही सरांकडं तपासायला दिली. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. "बघून राह्यलोय," एवढंच उत्तर. फेब्रुवारीत वाचनालयात एक मासिक आलं, त्यात लेख. एकेचाळीस विहिरी, तिच्याच अनुक्रमानं. परसाचे फूट केलेले, प्रत्येक परस सहा फुटांचा धरून. टीप गाळलेली. खाली नाव बद्रीनाथ सरांचं. कांताचं नाव आभारातसुद्धा नव्हतं.

मासिक घेऊन ती सरांसमोर उभी राहिली. "सर, हे माझं हाये."

"अगं, विद्यार्थ्यांचं काम ते विभागाचंच काम," सर म्हणाले. "आता तू हेच दिलंस तर नक्कल दिसेल. दुसरा विषय घे. नाही जमलं तर ऑनर्स सोड, बी.ए. आहेच की."

तोंडीला पाच आठवडे. स्वतःच्याच कामाची नक्कल करणारी ठरली ती! एसटी समोर उभी होती, तरी कांता वडीगोद्रीच्या रस्त्याला पायी लागली. सहा-सात किलोमीटरवर ओळखीच्या कंडक्टरनं गाडी थांबवून तिला बळंच आत घेतलं.

"सोड बाई," तिची माय चांगुणाबाई म्हणाली. "बी.ए.वर नोकरी लागंल. त्या सराशी वैर कशाला घेती?"

"मंग दोरी चुलीत घाल माय. कशाला ठेवली?"

पुंजारामनं विचारलं, "त्या लेखात कॉलेजची विहीर हाये का?"

"हाये. सतरा नंबर. नऊ परस."

"मंग दोरी घेऊन जा."

कांतानं कच्च्या कागदांवरून प्रबंध पुन्हा लिहिला, टिपेसकट, आणि दिला. सरांनी पहिल्याच पानावर शेरा मारला : प्रकाशित लेखाची नक्कल. एप्रिलात तोंडी झाली. परीक्षक म्हणून औरंगाबादच्या एक पिकल्या केसांच्या बाई आल्या होत्या. शेजारी प्राचार्य अण्णासाहेब, आणि बद्रीनाथ सर. बाईंनी लेख आणि प्रबंध समोरासमोर ठेवले.

"नक्कल केलीस?"

"केली, पण म्या न्हाई," कांता म्हणाली. घरची बोली तोंडातून गेली, तिनं ती सावरली नाही. "सरांना विचारा, परस किती फुटाचा."

"सहा," सर म्हणाले. "कुणालाही विचारा."

"मंग सतरा नंबरची विहीर चोपन्न फूट. लेखात तेच हाये. माझ्या हिशोबानं अठ्ठेचाळीस. विहीर खिडकीखाली हाये, मोजा."

बाई प्रबंध हातात घेऊन उठल्याच, बाकीचे त्यांच्या मागून विहिरीवर आले. शिपाई संपतनं भूगोलाच्या कपाटातली शंभर फुटी टेप काढली, तिच्यावरची धूळ शर्टाला पुसली. टेपला दगड बांधून सोडला. तळ लागला. संपतनं काठावर वाकून आकडा बघितला, मग सरांकडं बघितलं. बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाला, "अठ्ठेचाळीस."

कांतानं पिशवीतून दोरी काढून बाईंच्या हातात दिली. बाईंनी दोन गाठींमधलं अंतर टेपला लावलं. पाच फूट चार इंच. चौदा वर्षं सर या विहिरीवरून रोज वर्गात गेले होते आणि एकदाही तीत टेप सोडली नव्हती. अण्णासाहेब खाकरले, चष्मा पुसू लागले.

सर हसले. अजूनही हसू शकले ते. "अगं, मला आधी सांगायचंस ना, तुझ्या वडलांचा परस आखूड आहे म्हणून."

कांताचे पाय निघायला बघत होते. तिनं ते जमिनीवर रोवून धरले.

"आखूड न्हाई, सर. त्याचा हात याच विहिरीत गेल्ता, सुरुंगाला. आठवा परस चालू होता. बाकीचा त्यानं एका हातानं खोदला. तो हात धरून मोजलं तर सहा फुटाला भरून उरंल."

बाईंनी तिथंच काठावर, सरांच्या शेऱ्यावर आडवी रेघ मारून खाली सही केली.

ऑनर्स मिळालं. सरांना काय झालं म्हणाल तर काही नाही. लेख त्यांच्याच नावावर राहिला आणि पुढच्या वर्षी ते विभागप्रमुख झाले. आज शिक्षिका असलेली कांता हे सांगताना अजून खुर्चीत बसून राहत नाही.

त्या दिवशी घरी येऊन तिनं सगळं सांगितलं, सरांचा चेहरासुद्धा करून दाखवला. पुंजाराम दोरी गुंडाळत होता, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून.

"विहीर किती भरली?" त्यानं विचारलं.

"नऊ परस, बा."

"मंग बराबर हाये," तो म्हणाला, आणि दोरी खुंटीला अडकवून हात धुवायला गेला. कांताला त्याचाही राग आला.