पुटपुटमामांची गुप्त प्रार्थना

लाज ही वस्तू या देशात आता केवळ शब्दकोशात उरली आहे. दुधात पाणी घालणारा पूर्वी निदान आडोसा शोधीत असे; आता तो आपली ख्यालीखुशाली विचारीत विचारीत घालतो. परीक्षेचे गुण, पुलाचे सिमेंट, आजारपणाचा दाखला, सगळ्यांचे दर ठरलेले आहेत आणि ते विचारायला कोणी खाली मानही घालीत नाही. मी व्याकरणाचा शिक्षक आहे. चुकीला चूक म्हणण्याचाच मला पगार मिळतो, म्हणून मी वर्तमानपत्रांना पत्रे लिहितो. ती छापली जात नाहीत. अशा काळात श्रद्धेने जगणारा माणूस दाखवा, असे कोणी म्हटलेच, तर मला नाइलाजाने आमच्या न्हाव्याकडे बोट दाखवावे लागेल. नाइलाजाने अशासाठी, की त्यांची पद्धत मला आजही मान्य नाही.

बाजाराच्या कोपऱ्यावर, नगरपालिकेच्या एका अरुंद गाळ्यात त्यांचे दुकान होते. कडेने पारा उडालेला आरसा, लोखंडी फिरती खुर्ची आणि वाट पाहणाऱ्यांसाठी एक डुगडुगता बाक. रविवारी चर्चमधल्या उपासनेला हे मामा आणि मी एकाच रांगेत बसतो. चाळिशीतच त्यांचे कान अधू झाले आणि हळूहळू, मनातली प्रार्थना व मोठ्याने केलेली प्रार्थना यांतला भेदच त्यांना कळेनासा झाला. आपण ओठांतल्या ओठांत बोलतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत; प्रत्यक्षात ते शेजारच्या बेकरीत स्वच्छ ऐकू जाई. त्यातून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गालांवर फेस चढवताना त्याच्यासाठी प्रार्थना करण्याचा त्यांचा नेम! कोणाला मूळव्याध आहे, कोणाचा जावई रुसून बसला आहे, हे देवाला कळण्याच्या आधी बाजाराला कळे. म्हणून ते पुटपुटमामा.

"मामा, आमच्या सासूबाईंचंही जरा घ्या हो!" बेकरीवाला भिंतीपलीकडून ओरडे. मामांना अर्थातच ऐकू येत नसे.

हे त्यांना कोणी सांगितले कसे नाही? मी सांगणार होतो. मामींनी मला अडवले. "नका हो मास्तर. कळलं तर गप्प बसतील. लग्नापासून माझ्याशी दोन वाक्यं सलग बोलले नाहीत. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला प्रार्थनेतूनच कळतं!"

माझा आक्षेप वेगळाच होता. सत्ताधाऱ्यांसाठी प्रार्थना करावी अशी शास्त्राची आज्ञा आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण म्हणून आमच्या नगरसेवकासाठी? रोज? त्याचे कार्यालय मामांच्या गाळ्याच्या बरोबर वरच्या मजल्यावर होते. मी एकदा मामांसमोर उभा राहून, ओठ नीट हलवीत म्हणालो, "मामा, त्या माणसासाठी आशीर्वाद कसला मागता? आकाशातून अग्नी मागा."

"मागितला असता हो मास्तर," मामा वस्तरा पुसत म्हणाले, "पण अग्नी वरून येतो, आणि त्याच्या खाली मी बसतो."

अशातच एका सकाळी नगरसेवकाने स्वतः चालवीत असलेली गाडी फळवालीच्या हातगाडीवर घातली. तिचा पाय मोडला. भर बाजारात घडलेली ती घटना पाहिली सगळ्यांनी. दिसली कोणालाच नाही. बाई मात्र खमकी. खाटेवर पडल्या पडल्या तिने पोलिसांत तक्रार नोंदवली.

दुसऱ्या दिवशी, कित्येक वर्षांनी प्रथमच, नगरसेवक दाढीला आला. मी बाकावर होतो, बेकरीवाला आणि आणखी दोघेतिघेही होते. मामा आरशात पाहून ओठ वाचीत, हे त्याला माहीत असावे. आरशाकडे पाहत त्याने नुसतेच ओठ हलवले. आम्हाला अक्षर ऐकू आले नाही. मामांचा चेहरा मात्र पांढरा पडला. त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला, फेस केला, डोळे मिटले आणि आपल्या समजुतीप्रमाणे मनातल्या मनात सुरुवात केली.

"हे प्रभू, हे तुझं लेकरू म्हणतंय, 'काल गाडी धडकली तेव्हा मी तुझ्या खुर्चीत दाढी करत होतो असं पोलिसांना सांग.' तो नव्हता. तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. 'हो' म्हटलं नाही तर गाळा काढून घेईन म्हणतो. प्रभू, मला भीती वाटते. या वयात वस्तरा घेऊन कुणाच्या दारात उभा राहू? ते 'हो' माझ्या जिभेवर येऊन बसलंय बघ. ते गिळायला मला बळ दे. आणि ह्याला खरं बोलायचं धैर्य दे. मनाने वाईट नाही तो. लहानपणी पहिल्यांदा केस कापायला आला तेव्हा रडला होता, पण चावला नव्हता. आमेन."

"आमेन!" बेकरीवाला गरजला. बाकावरच्या बाकीच्यांनीही री ओढली.

"हा काय प्रकार आहे?" नगरसेवक फेसातून फुत्कारला.

मामांनी आरशात त्याचे ओठ पाहिले. "कसला प्रकार? मी कुठे काय बोललो?"

एव्हाना वस्तरा गळ्याशी आला होता आणि अशा वेळी तरातरा उठून जाण्याइतका तो मूर्ख नव्हता. पूर्ण दाढी होईपर्यंत, आरशातल्या सगळ्या नजरा झेलीत, त्याला बसावे लागले. तो गेल्यावर बेकरीवाल्याने पिठाचे हात झटकले आणि काल आपल्याला न दिसलेले सगळे पोलिसांना सांगायला तो निघाला. आणखी दोघे त्याच्यामागून गेले. फळवालीची तक्रार उभी राहिली.

गाळा मात्र गेला. 'सार्वजनिक कामासाठी' तो रिकामा करावा, अशी नोटीस आली. तीत शुद्धलेखनाच्या दोन ढोबळ चुका होत्या. न्याय आपल्याकडे असा अर्ध्या गालाचाच होतो. आरसा काढताना मी मामांना सरळ विचारले, "एवढी प्रार्थना करून मिळालं काय? दुकान गेलंच ना?"

"दुकान मी मागितलंच नव्हतं मास्तर," मामा खिळा उपटत म्हणाले. "मागायला हवं होतं की काय? पण त्या वेळी ते 'हो' गिळायचं एवढंच सुचलं. ते गिळलं गेलं." मग आरसा काखेत मारून ते जरा थांबले. "गळा अजून दुखतो मात्र."

खुर्ची त्यांच्या घराच्या दारातून आत जाईना, म्हणून ती ओसरीवरच राहिली. देश होता तिथेच आहे. किंबहुना एखादी पायरी खालीच. दाढीसाठी मला आता त्यांच्या घरापर्यंतचा चढ चढावा लागतो. धापा टाकीत पोचावे, तर आधीच चारजण ओळीत उभे, आणि मामी दारातून म्हणतात, "मास्तर, शेवटी उभे राहा. इथे वशिला चालत नाही."