ही जाहिरात पुन्हा दाखवू नका

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. दाराला लिंबू-मिरचीसुद्धा बांधत नाही मी... नंदुरबारची मिरची खायची असते, टांगायची नसते. वाचून ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. वाद घालायचं त्राण आता माझ्यात नाही.

मी पुरुषोत्तमनगरला राहते, शाळेत क्लार्क आहे. वय सत्तेचाळीस. आमचे हे कारखान्यात फिटर होते, पाच वर्षांपूर्वी गेले. मुलगी प्राची नाशिकला नोकरी करते. दिवाळीला आली तेव्हा माझ्या मागेच लागली आणि एका डेटिंग साइटवर माझं नाव टाकून मोकळी झाली. ‘अगं, लोक काय म्हणतील?’ तर म्हणे, ‘लोक येतात का रोज संध्याकाळी तुझ्यासोबत जेवायला?’ कार्टी बोलायला माझ्यावरच गेलीय.

चार-पाच जणांनी ‘हाय’ केलं. त्यातले एक बरे वाटले — नंदुरबारचे शिक्षक, पत्नी वारलेली. नीट लिहायचे, उगाच बदाम-फुलं पाठवायचे नाहीत. एकदा भेटू या म्हणाले. हो म्हणावं की नाही, हे रोज ठरवायचं आणि रोज मोडायचं... त्यातच मी दमून गेले.

साइटवर जाहिरातींचा नुसता सुळसुळाट. आपलं वय बघून दाखवतात म्हणे. केस काळे करा, पोट कमी करा, गुडघे सांभाळा. जोडीदार शोधायला आलेल्या बाईला गुडघ्याचा पट्टा! आणि एक दिवस त्या शिक्षकांच्या मेसेजखाली वेगळीच जाहिरात आली. राखाडी स्कूटी. सीट निळ्या दोऱ्याने शिवलेली. वर एवढंच लिहिलेलं — ‘आते तरी बस वं.’

ती स्कूटी आमची होती. ह्यांनी माझ्यासाठी जुनी विकत घेतली होती. मी बुटकी, पाय जमिनीला टेकायचे नाहीत. म्हणून ह्यांनी सीट उसवली, आतला फोम कापला आणि मिरचीची पोती शिवायच्या दाभणाने, निळ्या दोऱ्याने परत शिवली. वेडीवाकडी. डाव्या बाजूला ही एवढी गाठ. जाहिरातीत ती गाठसुद्धा होती! रोज म्हणायचे, ‘पाय टेकतीन तुन्हा, मी धरस ना. आते तरी बस वं.’ मी उद्या बघू, उद्या बघू करत टाळायचे. भीती वाटायची. आणि खरं सांगते, त्या सीटची लाजही वाटायची.

जाहिरातीवर बोट ठेवलं तर काही उघडेना. कंपनीचं नाव नाही, किंमत नाही. आणि ‘आता तरी बस गं’ हे अहिराणीत सांगणारी जाहिरात कोण करतं हो? स्क्रीनशॉट काढून प्राचीला पाठवला. तिचा लगेच फोन — ‘आई, केसांचं तेल कशाला पाठवलंस?’ मी माझ्या फोनमध्ये उघडून पाहिलं. खरंच तेलच होतं.

हे गेल्यावर स्कूटी आम्ही ब्राह्मणपुरीच्या हिरालालभाईंना विकली होती. त्यांनीच फोटो कुठे टाकला असेल म्हणून त्यांना विचारलं. ‘ती सीट तं मी तवयच काढी फेकी दिन्ही ताई,’ ते म्हणाले, ‘कचरासंगे जाळी टाकी. जुनी सीटना फोटो कोन काढस?’

जाहिरात येतच राहिली. दुसरीकडे कुठेही नाही, त्या शिक्षकांचा मेसेज उघडला की खाली हजर. हे मला अडवताहेत, की जा म्हणताहेत? विचार करून करून डोकं पिकलं.

शेवटी एका दुपारी, शाळेच्या मधल्या सुट्टीत, मेसेज आला — ‘मग काय ठरलं तुमचं?’ आणि खाली ती. मी वैतागून कोपऱ्यातली फुली दाबली. साइटने कारण विचारलं. ‘वारंवार दिसते’वर बोट ठेवलं. उत्तर आलं, ‘धन्यवाद. ही जाहिरात पुन्हा दाखवली जाणार नाही.’

ह्यांच्या शेवटच्या सकाळी मी हेच बोलले होते. ड्यूटीवर निघताना ह्यांचं परत तेच सुरू झालं. मी पोळ्या लाटत होते. लाटणं आपटलं आणि ओरडले, ‘पुरे करा आते! परत म्हनू नका.’ हे हसले. ‘बरं वं. नही म्हनत.’ दुपारी निरोप आला. हार्ट अटॅक.

प्राची म्हणते, फोन आपलं सगळं ऐकतो. ऐकत असेल बाई. पण जाळलेली सीट त्याने कुठे पाहिली? बरं, तेही सोडा. तुम्हीही कधीतरी ती फुली दाबली असेल. जाते का जाहिरात? गुडघ्याचा पट्टा मी वीस वेळा बंद केला, संध्याकाळी पुन्हा समोर. हीच एक... एकदा सांगितलं आणि थांबली.

त्या शिक्षकांना मी अजून काही कळवलेलं नाही. त्यांना वाटतं, मी विचार करतेय. मी रोज त्यांचा मेसेज उघडते आणि खाली खाली सरकवत जाते. काल तर घरात कोणी नाही बघून मोठ्याने म्हटलंसुद्धा — ‘म्हना ना हो परत. बसस मी.’

केसांचं तेल आलं.