लेकीच्या घरचा घास

माझे सासरे बेळगावहून रात्रीच्या गाडीत बसायचे, सकाळी बंगळूरला उतरायचे, तीन जिने चढून आमच्या घरी यायचे आणि पाण्याचा घोटही न घेता दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे. पाणी ते बेळगावहून बाटलीत भरून आणत. ते संपलं, की रस्त्यावरच्या दुकानातून नवी बाटली विकत घेत, पण आमच्या माठाकडे वळूनही बघत नसत. आमच्याकडे जावई सासऱ्याला मामा म्हणतो, तसा मीही त्यांना मामाच म्हणायचो.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्या भागातली जुनी रीत. आजकाल ती फारसं कोणी पाळत नाही. माझे आईवडील जांबोटीकडच्या खेड्यातले, डोंगरातली माणसं, पण माझ्या बहिणीच्या लग्नानंतर पंधरवड्यातच तिच्याकडे पोटभर जेवून आले होते. आणि मामा कसे, तर सगळा जन्म उद्यमबागेतल्या फाउंड्रीत साचे भरण्यात गेलेला, घरात पंचांग नाही, लेकीला हट्टानं इंजिनिअर केलेलं. असल्या माणसानं नेमकी हीच रीत का धरली, हे मला काही केल्या कळत नव्हतं.

मी त्यांची थट्टा करून बघितली. एकदा म्हणालो, "मामा, आमच्या घरातली हवा तरी चालते का तुम्हाला?"

"हवा देवाची हाय, पावणं. तुमची न्हाय," ते म्हणाले आणि पेपर पुढे धरला. वाद घालणं त्यांना आवडत नसे. आपलं एक वाक्य बोलायचं आणि विषय मिटवून टाकायचा, अशी त्यांची पद्धत.

माणूस म्हटल्यावर भूक लागायचीच. बारा वाजले की मामा चुळबुळ करत आणि म्हणत, "चला, खाली जाऊन येऊ." आमच्या इमारतीच्या तळाशी एक लहानसं हॉटेल होतं. चार टेबलं, भिंतीवर डोंगराचं मोठं चित्र, आणि आत स्टोव्हवर ॲल्युमिनियमची भांडी एकावर एक रचलेली. त्यांतून सारखी वाफ निघत असायची. कालिम्पाँगकडची एक बाई ते चालवायची. सगळा रस्ता तिला दीदी म्हणायचा. कोपऱ्यावर इडली-डोसा मिळायचा, पण तिथे उभ्यानं खावं लागे आणि मामांचे गुडघे दुखरे. म्हणून पहिल्यांदा केवळ खुर्ची आहे म्हणून आम्ही त्यांना दीदीकडे नेलं.

समोर मोमोंची ताटली आली. मामांनी एक उचलून उलटासुलटा करून बघितला. "ह्यो तर आपला कडबूच की," ते म्हणाले. "पुरणाच्या जागी कोबी घातलाय, एवढंच." मग तो अख्खाच तोंडात टाकला. आत कढत कोबी होता, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. भट्टीपुढे दिवस काढलेल्या माणसाला वाफेचं काय. उलट मी फुंकर घालत बसलो की मलाच सांगायचे, "गरम हाय तवर खावा. गार झालं की त्याला खोटी चव आणाय लागती."

ती खोटी चव म्हणजे दीदीची लाल चटणी. मामांना ती अगदी मिळमिळीत वाटली. पुढच्या खेपेला त्यांनी खिशातून संकेश्वरी मिरचीच्या तिखटाची पुडी काढून दीदीच्या हातावर ठेवली. तिनं बोटानं चाटून बघितलं आणि डोळ्यांत पाणी आणून हसली. तेव्हापासून दर खेपेला बेळगावहून तिच्यासाठी पुडी यायची. मामांचं हिंदी आमच्या भागातलं, म्हणजे निम्मं मराठी आणि थोडं कन्नड. दीदीचंही तसंच कुठलंतरी. तरी दोघं मुलाबाळांच्या, पावसापाण्याच्या गप्पा अशा मारत, की आम्हालाच परकं वाटावं.

तिथे त्यांची एक सवय होती. ताटली आली की पहिला मोमो ते वैशालीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, बशीत ठेवत. "खा गं," म्हणत. ती खाईपर्यंत स्वतः हात लावत नसत. लहानपणी भाकरीचा पहिला पापुद्रा तिला द्यायचे, तसंच. आणि बिल मला कधी देऊ दिलं नाही. जावयाच्या पैशानं खाल्लं काय आणि लेकीच्या घरी खाल्लं काय, सारखंच, हा त्यांचा हिशेब. दीदीसमोर आमची ओढाताण व्हायची आणि ती दरवेळी त्यांच्याच बाजूनं उभी राहायची.

वैशालीला मात्र ही मोमोंची मेजवानी गोड लागत नव्हती. आमच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत माझी सासू वारली. मामा बेळगावच्या घरात एकटे. स्वतःचा भात स्वतः शिजवायचे आणि एका आमटीवर दोन दिवस काढायचे. ज्या माणसाला गावी कोणी वाढणारं नाही, त्यानं लेकीच्या दारात यावं आणि उपाशी बसावं, हे तिला सहन होत नसे. ते येणार म्हटलं, की ती पहाटे उठून त्यांच्या आवडीची मसुराची आमटी करायची, भाकऱ्या थापायची. म्हणायची, "आज तरी बसतील." ते बसत नसत. संध्याकाळच्या गाडीनं परत जात, कारण जेवल्याशिवाय मुक्काम तरी कसा करणार. ती आमटी मग आम्ही दोघं मुकाट्यानं खायचो. एकदा ती ताटावरून उठली आणि म्हणाली, "आप्पा तोंडानं काही बोलत नाहीत, पण दरवेळी येऊन मला तेवढीच एक गोष्ट सांगून जातात." मी तिची समजूत काढली, पण माझ्या मनातही तेच होतं.

मूल व्हावं म्हणून आमचे इलाज काही वर्षं चालू होतेच. दवाखाने बदलले, देव बदलले. शेवटी एका भल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून आता थांबा म्हणून सांगितलं. आम्ही दोघं घरी येऊन रडलो आणि हळूहळू सावरलो. मामांना कळवलं नव्हतं. काही दिवसांनी ते आले. त्या दिवशी पहिल्यांदाच वैशालीनं स्वयंपाक केला नाही. ओट्याकडे फिरकलीसुद्धा नाही.

खाली दीदीकडे गेलो. ताटली आली. मामांनी पहिला मोमो तिच्या बशीत ठेवला. तिनं तो बाजूला सारला.

"आप्पा, डॉक्टरनी थांबाय सांगितलंय. मला मूल व्हणार न्हाय."

मामा म्हणाले, "दुसरा डॉक्टर बगू की."

"सगळं बगून झालंय. आता तुम्ही माझ्या घरात कधीच जेवणार न्हाय, असंच ना?"

मामांनी तो मोमो तिच्या बशीतून उचलून परत ताटलीत ठेवला. मग म्हणाले, "तुला टोचाय म्हणून मी उपाशी बसतो, असं वाटलं व्हय गं तुला?"

"मग कशासाठी बसता?"

"तुझी आई जाताना नातवंडाचंच बोलत हुती. तवा मी मनाशी धरलं, बाळ बघूनच लेकीच्या घरचा घास घ्यायचा. रीतबीत कोण बघतंय. मी जेवलो म्हंजे मीच आशा सोडली, असं वाटायचं. एकानं तरी धरून ऱ्हायला पायजे हुतं."

वैशालीचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "तुम्ही धरून बसला, आणि मी इतकी वर्षं तुमच्या रिकाम्या ताटाकडं बघत बसले."

मामा उठले. पानात कधी कण न टाकणारा माणूस भरली ताटली तशीच सोडून उठला, तशी दीदी धावत आली. "अंकलजी, कुछ खराब था क्या?"

"नहीं दीदी," मामा म्हणाले. "घर जाके खाने का है."

तीन जिने ते न थांबता चढले. आत येऊन हातपाय धुतले आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घातली. वैशाली दारातच उभी राहिली. म्हणाली, "घरात काही न्हाय, आप्पा. आज मी केलंच न्हाय. सकाळचा भात हाय नुसता."

"मग वाढ की."

तिनं भात वाढला. त्यावर ताक घातलं, कडेला शेंगांची चटणी ठेवली. मामांनी भात कालवला, घास घेतला आणि सावकाश चावत राहिले. डोळे भरून आलेले आम्हाला दिसत होते, पण ते पुसायला त्यांनी ताटातला हात काढला नाही. घास गिळून ते म्हणाले, "मीठ कमी हाय गं."

वैशाली तिथेच त्यांच्यासमोर बसली आणि रडता रडता हसायला लागली.

त्या दिवशी मामा पहिल्यांदा आमच्याकडे राहिले. पुढे येत तेव्हा आठ-आठ दिवस मुक्काम करत. मोमो सुटले नाहीत. ते स्वतः खाली जाऊन बांधून आणत आणि आम्ही घरात बसून खात असू. वैशालीच्या हातचं मात्र त्यांनी एकदाही मुकाट्यानं खाल्लं नाही. भाकरी जाड झाली, आमटी पातळ झाली, आईच्या हाताची सर न्हाय, असं त्यांचं दर घासाला चाले. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर तिनं ताट उचललं असतं. मामा बोलायला लागले, की ती पदर खोचून आणखी एक भाकरी टाकायची.

गेल्या हिवाळ्यात बेळगावला झोपेतच ते गेले. आम्ही दिवसकार्य करून परत आलो. वैशाली पुन्हा रोजचा स्वयंपाक करू लागली. मी पानात पडेल ते खातो आणि छान झालंय म्हणतो. आमच्या घरच्या जेवणाला नावं ठेवणारं आता कोणी उरलं नाही.