रशीदभाऊंवरचा तो शेरा

रशीदभाऊ गेले हे मला आमच्या दवाखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. नागभीडच्या बसस्टँडवर चहा घेत उभा होतो आणि खिशात फोन वाजायला लागला तो थांबेचना. फुलं, जोडलेले हात, आणि सगळ्यांत वर आमच्या साहेबांचा मजकूर : ‘आपल्या परिवारातील हरहुन्नरी व्यक्तिमत्त्व हरपले.’ परिवारातील! ज्या माणसाला दीड वर्ष गेटच्या आत येऊ दिलं नाही, तो मेल्याबरोबर परिवारातला झाला? माझं डोकंच फिरलं. सात आठवडे झाले, ते अजून ताळ्यावर आलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना गोड वाचायचं असेल त्यांनी पान उलटावं.

मी या दवाखान्यात एक्स-रे काढणारा माणूस. रशीदभाऊ आमच्याकडे कंत्राटावर कॉम्प्युटर आणि नेटवर्क बघायचे. घरचा धंदा घड्याळदुरुस्तीचा, बापाचं दुकान अजून चौकात आहे, त्यामुळे बारीक कामाला हात बसलेला आणि सबुरी तर विचारूच नका. आमच्याकडे हाडांचा डॉक्टर नाही. एक्स-रे काढायचा, कॉम्प्युटरवरून चंद्रपूरला पाठवायचा, तिथले डॉक्टर बघून सांगणार. पण एक्स-रेची खोली मागच्या आवारात, इंटरनेटचा डबा पुढच्या ऑफिसात आणि मधे जमिनीखालून गेलेली म्हातारी केबल. डब्यावरचा हिरवा दिवा लागायचा, जायचा, लागायचा, जायचा. पेशंट स्ट्रेचरवर कण्हतोय आणि मी त्या दिव्याकडे बघत बसलोय, असे कितीतरी दिवस काढले.

रशीदभाऊ तीन दिवस माझ्या खोलीत फरशीवर मांडी घालून बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “वासूभाऊ, केबलमंधी आठ तारा असतेत. दोन मेल्या. कॉम्प्युटरचं कार्ड अन् तिकडचा डबा आपसात ठरवून राह्यले, का चाल, सगळ्यात जोरात धावू. धावाले आठही तारा लागतेत. मंग पडतेत दोघंही. त्यायले म्हनलं, हळू चाला बाप्पा, चार तारांत भागते.” म्हणजे त्यांनी केलं काय, तर कार्ड चालवणारा जो प्रोग्राम असतो, ड्रायव्हर म्हणतात त्याला, त्याला सांगितलं की तू आपल्या मनानं वेग ठरवायचा नाहीस, हा एवढाच वेग ठेवायचा, आणि बोलणं-ऐकणं एकाच वेळी चालू द्यायचं. डब्यावरही नेमकं तेच. लाइट गेली की ड्रायव्हर हे सगळं विसरायचा, आणि आमच्याकडे लाइट जाते किती हे काय सांगू... म्हणून मशीन सुरू होताना दर वेळी आपोआप तीच आज्ञा जाईल अशी सोय केली. वर दोन्हीकडे चिठ्ठी डकवली : ‘दोन्ही टोकं सोबत बदला. एकच बदलू नका.’ नव्या केबलचा अर्ज त्यांनी तीनदा वर पाठवला होता. उत्तर एकाचंही आलं नाही. तरी चार वर्षं माझा एकही एक्स-रे अडकला नाही.

मग देखभालीचं कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे गेलं. त्यांचा इंजिनिअर आला, ऐटीत खुर्ची ओढली, डब्यात बघितलं आणि हसला. “हे असं कोण बांधून ठेवतं? सगळं ऑटोवर असायला पाहिजे.” मी चिठ्ठी दाखवली. त्यानं ती नखानं खरवडून काढली. डब्याची बाजू ऑटोवर टाकली, माझ्या मशीनला हातही लावला नाही. हिरवा दिवा लागला, त्यानं एक वेबसाइट उघडून दाखवली, सही घेतली, गेला. वरून सगळं झकास. पण झालं असं की माझं मशीन बिनधास्त बोलत सुटलं आणि डबा मात्र, समोरून वेग ठरवायला कोणी येईना म्हणून, आळीपाळीनं बोलायचं धरून बसला. चार ओळींचा निरोप जायचा, पण एक्स-रेसारखी मोठी फाइल अर्ध्यात मरायची. त्याच आठवड्यात मांडीचं हाड मोडलेली एक बाई दुपारपर्यंत माझ्या खोलीत पडून राहिली, आणि शेवटी फोटो जाईना म्हणून तिलाच गाडीत घालून चंद्रपूरला हलवावं लागलं. तिचं ओरडणं मी ऐकलं आहे.

बोंब झाली. चौकशी बसली. आणि कंपनीनं काय लिहून दिलं? आधीच्या माणसानं वेग मुद्दाम कमी करून ठेवला, आपल्याशिवाय चालू नये म्हणून! साहेबांनी ते जसंच्या तसं उचललं. पंचनाम्यात लिहिलं, मशीनमध्ये अमुक सेटिंग आढळली, आणि खाली शेरा : ‘हेतुपुरस्सर छेडछाड.’ साक्षीदार म्हणून एक सही माझी आहे. हो, माझी. साहेब म्हणाले, “सेटिंग सापडली एवढंच आहे हो, करा सही,” आणि मी केली. खालची ओळ वाचली नाही. खरं सांगायचं तर नजर गेली होती... पेन थांबलं नाही. त्या शेऱ्यानं तालुक्यातल्या एकूण एक ऑफिसचं काम रशीदभाऊंच्या हातून गेलं.

संतापाची गोष्ट पुढेच आहे. महिन्याभरानं त्याच इंजिनिअरनं गुपचूप रशीदभाऊंना फोन लावला. आणि या भल्या माणसानं सांगितलं! त्या इंजिनिअरनं डब्याची बाजू परत होती तशी केली, आणि एक्स-रे जायला लागले. आजही जातात, त्याच सेटिंगवर. काम गेल्यापासून ते बापाच्या घड्याळाच्या दुकानात बसायचे, तिथं जाऊन मी भांडलो, काऊन सांगितलं म्हणून. भिंग डोळ्याला तसंच ठेवून ते म्हणाले, “पेशंटनं काय केलं होतं? मले फक्त थे ओळ काढून पाह्यजे. मी छेडछाडवाला नाई.” त्यासाठी अर्ज करत राहिले. माझ्या सहीबद्दल एक शब्द कधी बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही.

दुकानातच, बसल्या जागी गेले.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर दवाखान्यात शोकसभा झाली. साहेबांनी ‘अमूल्य योगदान’ म्हणत रशीदभाऊंच्या बायकोपुढे, शमीमभाभींपुढे, मानपत्र धरलं. भाभींनी हात पुढे केला नाही. “हे राहू द्या. थो कागद सुधरवून द्या,” एवढंच बोलल्या. साहेब गडबडले, म्हणाले, आता माणूसच राहिला नाही, जुनं कशाला उकरायचं? तेव्हा मी उठलो. म्हणालो, माणूस नाही, पण सेटिंग त्याचीच चालू आहे ना? ती छेडछाड असेल तर आत्ताच्या आत्ता काढा, आणि उद्यापासून पेशंट पाठीवर घेऊन चंद्रपूरला जा! सभा तिथंच आटोपली.

दुसऱ्या दिवशी मी लेखी दिलं की माझी साक्ष चुकीची होती, मी सही मागे घेतो, शेरा रद्द करा. मयत माणसाच्या प्रकरणात अर्ज घेत नाही म्हणाले. मी टेबलासमोर बसून राहिलो, शिक्का मारल्याशिवाय उठलो नाही. शेरा निघेल का, माहीत नाही. पोच घेऊन थेट भाभींकडे गेलो. मनात कुठंतरी असं होतं की मी काहीतरी घेऊन चाललोय.

त्यांनी चष्मा लावून अख्खा कागद वाचला. घडी घालून कागदपत्रांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. मग म्हणाल्या, “सही कराले तुमाले एक मिनिट लागला, वासूभाऊ. मागं घ्याले दीड वरस. हे होते तवा काऊन नाई आले?”

मी उभाच होतो. त्या घरी मला चहा विचारला नाही, असं पहिल्यांदाच झालं.