वहिनींच्या ट्रकचा उपडा ॲक्सल

डोंगरावरच्या वस्तीत त्यांना सगळेच वहिनी म्हणतात. सत्तरी उलटलेले आजोबा वहिनी म्हणतात आणि त्यांची नातही वहिनीच म्हणते. याला कारण त्यांचा धाकटा दीर. तो फिटर आहे. ट्रक खाली उभा असला की गॅरेजमधून रस्त्यापलीकडे तो अशी काही हाक मारतो की ती एकदा ऐकलेल्याला त्या बाईंसाठी दुसरं नाव सुचत नाही.

वहिनी ट्रक चालवतात. वस्तीला लागणारं सगळं त्या ट्रकमधून वर जातं: सिमेंट, धान्याची पोती, गॅसच्या टाक्या, एखाद्याचं नवं कपाट. वरचा रस्ता खडीचा आणि उभ्या चढाचा, त्यामुळे चारही चाकांना जोर मिळणारी गाडी लागते. हा जुना ट्रक तसा आहे. फक्त त्याला एक खोड आहे. पुढच्या चाकांना जोर द्यायचा दांडा ड्रायव्हरच्या हाताशी नाही, शेजारच्या सीटच्या पायाशी आहे, आणि तो मरणाचा घट्ट आहे. म्हणजे ट्रक मुळात दोघांनी चालवायचा. नवरा चालवत असताना वहिनी शेजारी बसत. चढ आला की तो नुसतं "ओढ" म्हणे आणि त्या दोन्ही हातांनी दांडा ओढत.

पुढे नवऱ्याच्या पाठीचा मणका सरकला. डॉक्टरांनी ट्रकची सीट बंद केली. बदली ड्रायव्हर ठेवला, त्याने महिनाभरात गिअरबॉक्स रडवला. मग वहिनी एक सीट सरकून बसल्या. "त्यात काय मोठंसं," त्या म्हणतात. "रस्ता तोच होता. मी जरा बाजूने बघायला लागले, एवढंच." दांडा मात्र चढाच्या पायथ्याशी गाडी थांबवून, पलीकडच्या सीटवर जाऊन ओढावा लागे.

वस्तीत पक्की घरं व्हायला लागली तसा माल जड झाला आणि ट्रकचे, दोन बाजूंची चाकं जोडणारे हलके ॲक्सल बोलायला लागले. एकदा मोडला, बदलला. पुन्हा मोडला, पुन्हा बदलला. तिसऱ्या वेळी कोपराच्या वळणावर, भरल्या गाडीत, मागच्या ॲक्सलमधला, चाकं फिरवणारा दांडाच तुटला आणि ट्रक मागे घसरायला लागला. वहिनींनी ब्रेक दाबून ठेवला, स्टिअरिंग वळवलं आणि ट्रकचा मागचा कोपरा दरडीत घातला. एका कपाटाचा आरसा फुटला. बाकी कुणाला खरचटलं नाही.

त्या संध्याकाळी नवरा म्हणाला, "आता बास. भंगारवाल्याला सोमवारी बोलावतो."

"गाडी काय पहिल्यांदा मोडली?"

"गाडीचं नाही म्हणत मी. तू वर गेलीस की मी इथे रस्त्याकडे कान लावून बसतो. मला नाही जमत ते."

वहिनींनी ताटं उचलली. मग म्हणाल्या, "अहो, भावजींना एकदा जड ॲक्सल टाकून बघू द्या. त्याच वळणावर भरला ट्रक थांबवते आणि जागेवरून पुन्हा उचलते. नाही उचलला, तर द्या भंगारात. मी तोंड उघडणार नाही."

"सोमवारच्या आत," नवरा म्हणाला.

दिराने एका मोडीत निघालेल्या मोठ्या ट्रकखालचे दोन ॲक्सल मिळवले. जुन्यांच्या शेजारी ठेवल्यावर ते बैलाशेजारी हत्ती ठेवावा तसे दिसत. मागचा फार त्रास न देता बसला. स्प्रिंगचे पाटे टेकायच्या जागा नव्याने वेल्ड केल्या, इंजिनाकडून फिरणं आणणारा शाफ्ट आखूड केला, ब्रेकच्या नळ्या लांबवल्या. पुढचा अडला. ॲक्सलच्या नळीवर जो फुगीर गोळा असतो, ज्याच्या आतले गिअर शाफ्टचं फिरणं चाकांकडे वळवतात, तो या ॲक्सलवर उजवीकडे होता. वहिनींच्या ट्रकचा शाफ्ट मात्र डाव्या अंगाने पुढे येतो.

दीर एक दिवस नुसता ॲक्सलभोवती फिरला. मग त्याने ॲक्सल सरळ उपडा केला. गोळा आपोआप डावीकडे आला. चाकं वळवायचे सांधे उलटे झाले, ते कापून पुन्हा सुलटे वेल्ड केले. काम देखणं होतं. "याला डोकं लागतं, वहिनी," तो म्हणाला.

"लागतं ना. म्हणून तर तुम्हाला इतके दिवस लागले," वहिनी म्हणाल्या.

रविवारी दुपारी ट्रक टेकूच्या लोखंडी घोड्यांवरून खाली आला. नुसत्या मागच्या चाकांच्या जोरावर त्याने अंगणात झकास दोन फेऱ्या मारल्या. नवरा गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. त्याची मान जरा हलली. मग वहिनींनी गाडी थांबवली, दिराला शेजारी घेतलं आणि म्हणाल्या, "ओढा."

दिराने दांडा ओढला. वहिनींनी क्लच सोडला. ट्रक गुरगुरला, थरथरला आणि जागचा हलला नाही. मागची चाकं खडी मागे फेकत होती आणि पुढची चाकं पुढे. ट्रक एका जागी उभा राहून स्वतःशीच भांडत होता.

आठवड्यात पहिल्यांदा नवरा खळखळून हसला. "अगं, पुढचा अर्धा ट्रक माझ्या बाजूने आहे!"

दीर खाली उतरला आणि पडलेल्या टायरवर बसला. ॲक्सल उपडा केला की त्यातून निघणारं फिरणंही उलटं होणार, हे त्याला आता कुणी सांगायची गरज नव्हती. पुढची चाकं ट्रकला मागे, घराकडे ओढत होती. "दुसरा शोधायला महिना जाईल," तो म्हणाला. "सोमवार उद्या आहे."

वहिनी टॉर्च घेऊन ट्रकखाली शिरल्या. त्यांचे फक्त पाय दिसत होते.

"भावजी, हा गोळा सुटा होतो का?"

"गोळा नाही होत. त्याचं तोंड उघडतं. बोल्ट काढले की आतला गिअरचा सगळा संच बाहेर येतो."

"मग गोळ्याची पेटी उपडी केलीत, तर आतलं सुलटं करून बसवा की."

"ती काय उशीची खोळ आहे, वहिनी? भोकं जुळायला लागतात."

"जुळत नाहीत?"

दीर टायरवरून उठला. त्याने पाहिलंच नव्हतं. तेल गळू नये म्हणून तोंडावर बसवायचं पॅकिंग तो बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापतो. कडेने हातोडीने ठोकत गेलं की तोंडाचा आकार आणि भोकं पुठ्ठ्यावर उठतात. याच ॲक्सलसाठी कापलेलं एक जास्तीचं पॅकिंग भिंतीवर खिळ्याला लटकत होतं. ते घेऊन तो ट्रकखाली गेला, तोंडाशी धरलं आणि अर्धं फिरवलं. प्रत्येक भोक एकेका बोल्टच्या डोक्यावर बरोबर आलं.

त्याने ट्रकखालून हात बाहेर काढला. म्हणाला, "पाना."

"काय झालं?" नवऱ्याने खुर्चीतून विचारलं.

"दादा, तू चहा सांग."

संच बाहेर आला, सुलटा होऊन परत आत गेला. चाकांकडे जाणारे दांडे होते तिथेच बसले. तेल भरायचं भोक मात्र उपड्या पेटीत चुकीच्या उंचीवर आलं होतं. ते बुजवून दुसरं पाडावं लागलं. अंधार पडायच्या आत ट्रक चारही चाकांवर अंगणात एकाच दिशेने चालला.

सोमवारी सकाळी सिमेंटची पोती भरली. नवरा कंबरेला पट्टा बांधून शेजारच्या सीटवर चढला; डॉक्टरांना विचारलं नव्हतं. मांडीवर लाकडी पाचर होती, चाकामागे लावायची. चढाच्या पायथ्याशी वहिनींनी वेग कमी केला.

"ओढा," त्या म्हणाल्या.

त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि दांडा ओढला. "एवढा घट्ट आहे हा?"

"बारा वर्षं ओढला मी. तेव्हा विचारलं नाहीत."

कोपराच्या वळणावर, दरडीला पडलेल्या खोबणीसमोर, वहिनींनी ट्रक थांबवला. नवरा सावकाश उतरला, मागच्या चाकाला पाचर लावली आणि बाजूला झाला. वहिनींनी क्लच सोडला. ट्रक किंचित बसला, मग खडी दाबत वर निघाला. पाचर मोकळी पडली. नवऱ्याने ती उचलून हात केला, पण चढावर एकदा उचललेली गाडी थांबवायची नसते, हे त्यानेच शिकवलेलं. वहिनी थेट माथ्यावर जाऊन थांबल्या.

तो पाचर काखेत मारून, दर थोड्या अंतरावर कंबर धरत, चालत वर आला. तोवर वहिनींनी ट्रकखाली वाकून दोन्ही ॲक्सल पाहून घेतले होते. तेल कुठे गळत नव्हतं.

"थांबायचंस ना जरा," तो म्हणाला.

"थांबले होते की. वळणावर."

त्याने पाचर सीटमागे टाकली आणि श्वास बसेपर्यंत पायरीवर बसून राहिला.

"खाली तो भंगारवाला आला असेल. त्याला काय सांगू?"

"जुने ॲक्सल अंगणात पडलेत, ते ने म्हणावं," वहिनी म्हणाल्या. "आणि आता आत बसा. लोक सिमेंटची वाट बघतायत."