टेपकाकांनी रेडिएटरचं माप घेतलं

तर वाफ निघाली, इथवर आपण काल आलो होतो. तलावाच्या चढावर, अगदी शेवटच्या वळणाला गाडीने पुन्हा मान टाकली. टेपकाका बोनेट उघडून बघत राहिले. वाफ कशी, तर धुतलेल्या मलमलीसारखी. तिच्याआड टेकडी घटकेत दिसायची, घटकेत विरघळायची. काकू आतच बसून होत्या. लग्न झालं तेव्हा त्यांनी तो तलाव पाहिला होता, आणि गुडघे साथ देतायत तोवर परत एकदा पाहायचा होता. मुलाने तर बजावूनच ठेवलं होतं, आता परत तापली की गाडी भंगारात.

टेपकाका शिंपी. टेप गळ्यात इतकी मुरलेली की झोपेतसुद्धा चाचपायचे, म्हणून हे नाव. गाडी जुनी, हाताने गिअर टाकायची. ते गिअर असा टाकत, जणू साडीला फॉल लावतायत. धसका नाही, खरखर नाही.

गाडी कशीबशी ओढून घरी आणली. मेकॅनिकने दारातच रेडिएटर उतरवला, इंजिनाचं पाणी थंड करणारा. जाळी सडून तिचा भुगा झाला होता. हाच सोबत न्या आणि जोडीचा आणा, असं त्याने सांगितलं. काकांना ते अपमानाचं वाटलं. कापड आणायला जाताना गिऱ्हाईक खांद्यावर टाकून नेतात का, म्हणाले. टेप काढली, लांबी, रुंदी, जाडी घेतली, आणि झुलत्या चालीने निघाले.

दुकानात शिरले आणि हरखलेच. भिंतभर रेडिएटर टांगलेले, शिवून तयार झालेल्या कपड्यांसारखे. खिडकीतलं ऊन त्यांच्या जाळीतून झिरपून जमिनीवर पडलेलं. काकांना ते बारीक विणीचं कापडच वाटलं. दुकानदाराने विचारलं, गिअर हाताचे की आपोआप पडणारे? हाताचे, काका म्हणाले. मग हे माप जुळत नाही हो, दुकानदार म्हणाला, एवढा मोठा आपोआपवाल्याला लागतो, त्याला गिअरचं तेल थंड करायला खाली दोन जादा तोंडं असतात. पण काकांचं माप उभ्या जन्मात चुकलं नव्हतं. जादा तोंडं बंद करू म्हणाले, आणि तोच घेऊन आले.

मेकॅनिकने बसवायला घेतला तर तो जागेत जाईना. वाकवून पाहिला, तिरका धरून पाहिला. शेवटी त्याने जुना शेजारी ठेवला आणि हसत सुटला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं जास्त! काकांनी सवयीने शिवणीची माया, आत दुमडायचं जादा कापड, धरूनच माप सांगितलं होतं.

"काका, लोखंड धुतल्यावर आटत नाही हो," मेकॅनिक म्हणाला.

काकू तोंडाला पदर लावून घरात गेल्या. आतून हसू ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी जुना रेडिएटर चादरीत गुंडाळला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईने बाळ समजून सरकून जागा दिली. दुकानदाराने तोंडाला तोंड जुळवून दोन पुढ्यात ठेवले. एक अॅल्युमिनियमचा, हलका, चकचकीत, वरखाली प्लास्टिकच्या टाक्या. दुसरा तांब्या-पितळेचा, जड आणि मंद रंगाचा. काकांनी एवढंच विचारलं, फाटला तर? पहिल्याची टाकी तडकली की फेकायचा, दुकानदार म्हणाला. दुसऱ्याला डाख देऊन भोक बुजवता येतं. ज्याला ठिगळ लागत नाही ते कापड आपण घेत नाही, असं म्हणून काकांनी जड उचलला.

मग एका सकाळी दोघं निघाली. चढ आला. काकूंची नजर तापमानाच्या काट्यावर, काकांची रस्त्यावर. धुकं काचेला टेकून मागे सरत होतं, झाडं पाण्याखालून गेल्यासारखी हलत होती. शेवटचं वळण आलं. काकांनी गिअर खाली घेतला. काटा मध्यावर होता, तिथेच राहिला. वळण मागे पडलं तेही कळलं नाही. समोर एकदम तलाव उघडला, आभाळ घडी करून ठेवल्यासारखा.

काठावरच्या दगडावर दोघं बसली. पाणी हलत नव्हतं. ऊन चढल्यावर काकू म्हणाल्या, पाहून झालं, आता निघू या, मुलगा काळजीत असेल. काका पाण्याकडे बघत हळूच म्हणाले, "बस गं जरा. रेडिएटरला दोन बोटं जादा चालली नाहीत, इथे बसायला चालतील."